भिंतीपलीकडची निळी टीम

आमच्या आणि त्यांच्या घराची मधली भिंत एकच आहे. मातीची, वरून चुन्याची. आमच्या बाजूनं तिच्यावर माझी भांड्यांची फळी आहे, त्यांच्या बाजूनं टीव्ही होता. तिकडे गोल झाला की इकडे माझे पेले हलायचे. आता टीव्ही तिथं नाही, पलीकडच्या जाऊबाईंनी तो गोंदियाला लेकीकडे देऊन टाकला. पण शनिवारी दिवेलागणीला माझा हात अजून फळीकडे जातो, पेले धरायला.

मनिराम लंजे त्यांचं नाव. मी ते तोंडानं कधी घेतलं नाही, इथं पहिल्यांदा लिहिते आहे. गावच्या नात्यानं ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्याशी सून बोलत नाही. ते समोरून आले की पदर ओढून बाजूला व्हायचं, त्यांच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही. इतकी वर्षं शेजारी काढली, पण मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही आणि तेही माझ्याशी बोलले नाहीत. काही सांगायचंच झालं तर ते अंगणात उभे राहून कोंबडीला सांगत. "आज लाईन जाणार हाय म्हणते. पाणी भरून ठेवा." मी इकडून माझ्या मांजरीला "बरं" म्हणत असे. एवढाच आमचा व्यवहार.

तरी त्यांच्याइतकं मला दुसरं कोणी माहीत नाही, कारण त्यांचं सगळं बोलणं मी भिंतीतून ऐकलं. माझी शाळा चौथीत सुटली. जर्मनी नकाशात दाखव म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. पण तिथल्या फुटबॉलमध्ये कोण वर आहे, कोण खाली पडलं, कोणाला मालकानं विकत घेतलं, हे मला भिंतीनं शिकवलं.

तरुणपणी ते चांद्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला होते. एकदा छत खाली आलं आणि त्यांचा डावा पाय गुडघ्यातून वाकेनासा झाला. तो पाय बरा होईपर्यंत ते खाणीच्या कॅन्टीनमध्ये टीव्हीसमोर बसून असत. तिथं त्यांना ती टीम दिसली. त्या टीमचं नाव मला लिहिता येत नाही. ते घाईनं म्हणायचे आणि मला कोणी शिंकल्यासारखं ऐकू यायचं. तिचा रंग निळा-पांढरा, म्हणून मी निळी टीम म्हणते. तिचं गावही कोळशाचं. खाणीतलेच लोक खेळायचे, खाणीतलेच बघायला यायचे. पुढे तिथल्या खाणी बंद पडल्या.

"खाण गेली, पण टीम राहिली," ते सांगायचे. "आमची खाण गेली तं आमच्याजवळ का राहिलं? खोकला."

गावी परत आले ते पाय ओढत आणि ही टीम घेऊन. तलावाखालची वडिलांची शेती करू लागले. पाय वाकत नसल्यानं धानाच्या रोवणीला ते बांधावर उभे राहूनच हुकूम सोडायचे. बायका चिडवत, "भाऊ, तुमी चिखलात कायले उतरत नाही?" ते म्हणायचे, "मी कोच हाओ." त्यांच्या गंमतीच्या गोष्टी एवढ्याच. बाकी माणूस कडू होता. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसायचा आणि समोरचा बोलत असताना त्याच्या तोंडाकडे न बघता हातातल्या पन्नीकडे बघायचा.

आमच्या तालुक्यात निर्वासित बंगाली लोकांचे कॅम्प आहेत. जुने, त्यांच्या आजा-बापाच्या वेळचे. मराठी गावात पोरं क्रिकेट खेळतात, पण कॅम्पात पावसातही फुटबॉल चालतो. तिथले परेशदा मंडल मोटारपंप दुरुस्त करतात. एकदा भासऱ्यांचा पंप बघायला आले आणि भिंतीवर निळ्या टीमचा फोटो बघून हसले. परेशदा लाल टीमचे. लाल टीम म्हणजे तिथली दरवर्षी जिंकणारी. त्या दिवशी पंप तसाच राहिला आणि दोघांचं भांडण सुरू झालं. त्यानंतर ते दर शनिवारी होत राहिलं.

शनिवारी परेशदा मोटारसायकलवर येत. माझा नवरा मधुकर जाई, आजूबाजूचे आणखी पाच-सहा जण असत. भासरे मोबाईल टीव्हीला जोडायचे, मांडीवर स्टीलची थाळी पालथी घ्यायचे. निळ्या टीमनं गोल केला की थाळी वाजायची. सगळ्यांना ती थाळी माहीत होती. पण तिची एक रीत होती, ती मला फार दिवसांनी कळली. एकदा निळी टीम वाईट हरत होती. परेशदा हसून हसून खोकत होते. सामना संपता संपता निळ्या टीमनं एक गोल केला आणि थाळी वाजली.

परेशदा म्हणाले, "अरे पाँच खाया है, एक मारा तो थाली बजाता है? शरम नहीं?"

"गोल गोल असते," भासरे म्हणाले. "हरलो म्हणून तो मोजाचा नाही का?"

दोघांच्या अशा किती गोष्टी सांगाव्या. परेशदा म्हणत, जो सबसे अच्छा खेलता है उसको देखो, सिंपल. भासरे म्हणत, जिंकणाऱ्याच्या मागं जाते त्याले फॅन म्हणत नाही, गिऱ्हाईक म्हणतात. तिथं एका कंपनीनं उभी केलेली नवी टीम होती, तिच्यावर मात्र दोघं मिळून तोंड टाकायचे. त्या टीमचा सामना लागला की भासरे टीव्हीकडे पाठ करून बसत. पाठ करून बसायचं पण बंद करायचा नाही, कारण ती हरतानाचा आवाज त्यांना ऐकायचा असे.

ज्या वर्षी निळी टीम पहिल्या लीगमधून खाली पडली, त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे कोणी बोललं नाही. परेशदासुद्धा गप्प होते. मग त्यांचाच आवाज आला, हळू. आता तरी टीम बदल, दुसऱ्या लीगचे सामने कोण बघतो.

भासरे म्हणाले, "टीम ते का लुगडं होय, फाटलं का बदलाचं?"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते गळ्यात मफलर घालून अर्जुनीच्या बाजाराला गेले. त्या मफलरची गोष्ट अशी. आधल्या हिवाळ्यात त्यांनी गोंदियाहून निळी आणि पांढरी लोकर आणली होती. ती जाऊबाईंच्या हातून माझ्याकडे आली आणि अंगणात कोंबडीला सांगण्यात आलं की पट्टे सारखे पाहिजेत. मी विणला, पण पांढरा एक पट्टा रुंद झाला. उसवायला मागितला तर दिला नाही. बाजारात त्या दिवशी लोक हसले. उन्हाळ्यात मफलर, बाप्पा, ताप आला का? ते म्हणाले, हो. घरी आले तर मान घामोळ्यांनी लाल झाली होती. जाऊबाई शिव्या देत खोबरेल लावत होत्या, तेही मी ऐकलं.

निळी टीम पुढे वर आली आणि परत पडली. त्यांनी मफलर ठेवला.

मला वाटतं, त्यांना तिच्या जिंकण्याशी फार देणंघेणं नव्हतंच. त्यांना एका वेगळ्याच गोष्टीनं धरून ठेवलं होतं. तिकडच्या टीम म्हणे बहुतेक करून गावकऱ्यांच्या असतात. वर्गणी भरणारा जो तो मेंबर, आणि पैसेवाला कितीही मोठा आला तरी अर्ध्याहून जास्त मत मेंबरांकडेच राहतं. हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टीव्ही चालू ठेवून उठले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मधु, हा तं आपला तलाव होय ना बे."

आमचा तलाव जुना आहे. आमच्या कोहळी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेला. इटियाडोह धरणाचा कालवा आमच्या गावाच्या अलीकडेच संपतो, म्हणून शेवटचं पाणी मिळतं ते तलावाचंच. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटात तुडूम आहे, पाणी सोडायचं तोंड. ते कधी उघडायचं हे तलावाखाली ज्यांची शेती आहे ते सगळे पाळीवर बसून ठरवायचे. मोठा शेतकरी असो की धानाच्या एकाच तुकड्याचा, एका बांधीवाला, बोलायला सगळ्यांना सारखंच. भांडणं व्हायची, पण पाणी सुटायचं. भासरे म्हणायचे, "तलाव कोणाच्या बापाचा नसते, म्हणून तो राहते."

मग तो ठेक्याला देण्याची गोष्ट निघाली. बाहेरगावचा एक ठेकेदार मासोळ्या पाळायला मागत होता. ग्रामपंचायतीला पैसा मिळणार होता, देवळापुढे मंडप होणार होता. ज्यांच्या शेतात बोअर झाली होती त्यांना तलावाचं काही पडलं नव्हतं. ज्यांच्याकडे बोअर नव्हती ते आम्ही. आमच्या बांध्या तर अगदी शेवटी. ठेकेदारानं पाणी धरून ठेवलं तर पहिला धान आमचा जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

त्याच हिवाळ्यात जर्मनीत काही चाललं होतं. लीगमध्ये बाहेरच्या पैसेवाल्याला भागीदार घ्यायचं ठरत होतं आणि फॅन लोकांना ते नको होतं. एका शनिवारी सामना सुरू झाला आणि टीव्हीतून आवाजच येईना. मला वाटलं बिघडला. भिंतीपलीकडे कोणी हलेना. मग भासऱ्यांचा आवाज आला, दबलेला, देवळात बोलल्यासारखा. एवढे हजारो माणसं उभे हायेत आन् कोणी चूं करून नाही राहिला. बॉलले लाथ मारल्याचा आवाज येऊन राहिला.

ते त्या आठवड्यात दुसरं काही बोललेच नाहीत. चिल्लावाले सगळेच असतात, गप्प राहाले हिंमत लागते. आणि खरंच, काही दिवसांनी बातमी आली की तिकडच्या मोठ्या लोकांनी माघार घेतली.

गावच्या सभेआधी त्यांनी आपली माणसं घरी बोलावली. माझा नवरा होता. ठरलं असं: सभेत भांडायचं नाही. भांडलं की ते म्हणतात, दारू पिऊन आले. ठराव वाचला की सगळ्यांनी हात बांधून, पाठ सरळ करून गप्प बसायचं. एकानंही तोंड उघडायचं नाही. सरपंचाला घाम फुटला पाहिजे.

परेशदा तिथं होते. त्यांच्या कॅम्पाचा या तलावाशी संबंध नव्हता, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, वो लोग हर हफ्ते गला फाड़ के चिल्लाता है. इसलिए उनका चुप सुनाई देता है. तुम्हारे गाँव में कौन चिल्लाता है?"

मग परेशदाच पुढे म्हणाले,

"और वो खाली चुप नहीं बैठा था. मैदान में गेंद भी फेंका, मैच रोका. तब जाके हुआ."

पन्नी चुरचुरली, भासऱ्यांनी खर्रा तळहातावर घेतला असावा. "तू लाल टीमवाला," ते म्हणाले. "तुले यातलं का समजते? तुमाले कधी हक्कासाठी बसाची पाळी आली का? तुमी तं जिंकूनच राहिले."

सगळे हसले. परेशदाही हसले, पण ते थोडं उशिरा हसले.

सभा शाळेपुढच्या मंडपात झाली. आम्ही बायका एका बाजूला सतरंजीवर. समोर भासरे बसले होते, गळ्यात मफलर, वाकत नाही तो पाय लांब केलेला. त्यांच्या मागं माझा नवरा आणि बाकीचे. सरपंचांनी ठराव वाचला, तलाव मासेमारीसाठी ठेक्यानं देण्यात यावा. मग विचारलं, कोणाची काही हरकत?

त्यांनी हात बांधले. मागच्यांनी बांधले. सगळ्यांच्या पाठी सरळ झाल्या. मी पदराआडून बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

सरपंचांनी इकडून तिकडे बघितलं. त्यांना वेगळं काही दिसलं नाही. आमच्या गावात सभेला लोक असेच बसतात. ज्याला ठरावाशी काही घेणंदेणं नव्हतं तोही गप्प होता, जो पेंगत होता तोही, आम्ही बायका तर नेहमीच्याच. माझं रोजचं गप्प बसणं आणि त्यांचं हिमतीचं गप्प बसणं, दोन्ही एकाच सतरंजीवर एकसारखं दिसत होतं.

"हरकत नाही. एकमतानं मंजूर," सरपंच म्हणाले, आणि ग्रामसेवकानं लिहून घेतलं. लगेच चहा फिरायला लागला.

भासरे उठले. वाकत नाही त्या पायानं त्यांना पटकन उठता येत नसे, माझ्या नवऱ्याचा खांदा धरून उठले. "आमी गप्प होतो ना," ते म्हणाले.

"हो ना भाऊ," सरपंच म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "म्हणूनच तं मंजूर झाला."

मग आरडाओरडा झाला, पण तोपर्यंत लोक चहा पिऊन उठले होते. कोणीतरी म्हणालं, आधी बोलाचं होतं. परेशदा मंडपाबाहेर गाडीवर बसले होते. भासरे त्यांच्याकडे न बघता पाय ओढत घरी आले.

त्याच वर्षी पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. धान पोटरीत आला होता, लोंबी बाहेर यायच्या वेळेला पाणी लागतं. तलावात पाणी होतं, आम्हाला पाळीवरून दिसत होतं. तुडूमला ठेकेदारानं कुलूप लावलं होतं आणि एक राखणदार बसवला होता. पाणी सोडलं तर मासोळी मरते, तो म्हणायचा, मी का करू, मी नोकर. लोक सरपंचाकडे गेले. त्यांनी ठराव दाखवला. एकमतानं लिहिलंय, म्हणाले, तुमीच तं सगळे होते.

वरच्या बांध्या कशाबशा निघाल्या. आमच्या शेवटच्या बांध्यांत लोंबी आली ती पांढरी, आत दाणाच नाही. नवऱ्यानं एक लोंबी हातावर चोळली आणि फुंकली, सगळं उडून गेलं. तो घरी आला, भिंतीजवळ उभा राहिला आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आता जर्मनीवून पाणी आणून दे म्हणावं."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

त्या दिवसापासून नवरा तिकडे गेला नाही, त्यांच्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसले की तो मान फिरवायचा. बाकीचेही हळूहळू थांबले. त्यांचं काय चुकलं होतं असं विचारलं तर कोणाला सांगता आलं नसतं. सगळ्यांनी मिळूनच हात बांधले होते. पण ज्याचा धान गेला त्याला कोणीतरी लागतं.

एक परेशदा येत राहिले. सरळ येऊन बसायचे आणि लाल टीमची फुशारकी मारायचे. "मी आधीच सांगितलं होतं," असं परेशदा कधी म्हणाले नाहीत. निदान भिंतीतून तरी मला ऐकू आलं नाही.

मग भासऱ्यांचं तोंड उघडेनासं झालं. खर्रा खाणाऱ्यांचं होतं तसं आधी तिखट झोंबायला लागलं, मग घास जाईना, मग गालात गाठ. जाऊबाई रोज सांगायच्या दवाखान्यात चला, ते म्हणायचे धान कापून होऊ दे. कापायला धान किती होता? शेवटी परेशदांनी त्यांना गाडीवर बसवून स्टेशनवर नेलं आणि तिथून नागपूरला. परत आले तेव्हा अर्धा जबडा नव्हता आणि जीभ नव्हती. तोंडावर मफलर गुंडाळलेला. नळीनं पेज घ्यायचे. त्या मफलरला वास यायचा. जाऊबाई तो रोज धुऊन कुंपणावर वाळत घालायच्या आणि तो वाळेपर्यंत ते घराबाहेर पडायचे नाहीत.

पहिल्या शनिवारी मी फळीजवळ उभी होते. टीव्ही लागला. निळी टीम अजून खालच्याच लीगमध्ये होती. बराच वेळ नुसता टीव्हीचाच आवाज. मग परेशदांनी सुरुवात केली. ये तुम्हारा टीम है कि भेड़-बकरी? असं बरंच. मग ते थांबले. पलीकडून उत्तर येणार नव्हतं. आणि मग परेशदा स्वतःच म्हणाले, आवाज बदलून, मोडक्या मराठीत, "तू बोलेगा, टीम का लुगडं होय?"

थाळीवर एक टिचकी वाजली.

"तू बोलेगा, तू फॅन नाही, गिऱ्हाईक होय."

परत टिचकी.

तेव्हापासून परेशदा दोघांचं भांडण एकटेच भांडायचे. आधी लाल टीमच्या बाजूनं बोलायचे, मग निळ्या टीमच्या. निळ्या बाजूनं काही चुकलं की थाळी जोरात वाजायची, मग ते दुरुस्त करून परत म्हणायचे. इतक्या वर्षांची भांडणं त्यांना पाठ होती. माझा नवरा या बाजूला जेवायला बसलेला असायचा. घास हातात धरून ऐकायचा.

ठेक्याची मुदत संपली आणि सभेची दवंडी झाली. तोच ठेकेदार, तोच ठराव. भासरे येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. अंगात काही उरलंच नव्हतं. परेशदांच्या गाडीवर मागं बसून आले, तोंडावर मफलर, काखेत थाळी. मंडपातली माणसं सरकली, वासामुळे असेल किंवा कशामुळे. ते पुढे जाऊन खाली बसले, पाय लांब केला.

ठराव वाचून झाला. कोणाची हरकत?

भासऱ्यांनी हात वर केला.

"बोला भाऊ," सरपंच म्हणाले, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं. ते खाली बघायला लागले.

भासऱ्यांनी थाळी मांडीवर घेतली आणि वाजवायला सुरुवात केली. हातानं, पूर्ण जोर लावून. एवढ्याशा हाडात तो जोर कुठून आला माहीत नाही. ते थांबेनात. मफलरखालून एक आवाजही यायला लागला, गाय अडली की येतो तसा. बायकांनी तोंडाला पदर लावले.

ग्रामसेवक भला माणूस. तो म्हणाला, "भाऊ, हे मी का लिहू? थाळी वाजवली असं तं लिवता येत नाही."

परेशदा मंडपाच्या काठावरून म्हणाले, "हरकत बोल रहा है वो. लिखो."

"तुमी या गावचे नाही जी. तुमचं चालत नाही."

थाळी चालूच होती, पण आता हळू. हात थकले होते. मी समोर बघत होते. माझा नवरा पुरुषांच्या मागच्या रांगेत बसला होता. त्याची मान खाली होती. मग तो उठला.

"तो हरकत म्हणते," तो म्हणाला. "मनिरामदादाची हरकत हाय. लिवा." मग थोडं थांबून, "आन् माजी बी."

त्याच्यामागून आणखी दोघं-चौघं उठले. पूर्वी शनिवारी टीव्हीसमोर बसायचे तेच. एकजण मात्र उठला नाही. त्याच्या शेतात यंदा बोअर झाली होती.

सरपंचांनी मग हात वर करायला सांगितले. ठेक्याच्या बाजूनं पुष्कळ हात वर झाले, आमच्या बाजूनं थोडे. त्यात माझा होता. ठराव मंजूर झाला आणि तलाव परत गेला. आजही तुडूमला कुलूप आहे, आणि पाऊस गेला तर आमच्या बांध्यांचं काय होईल ते देवाला माहीत.

पण या वेळी एकमतानं असं लिहिता आलं नाही. ग्रामसेवकानं लिहिलेलं वाचून दाखवलं. ठराव बहुमतानं मंजूर. खालील ग्रामस्थांनी हरकत नोंदवली. मनिराम लंजे हे नाव पहिलं होतं. ते नाव आलं तेव्हा भासऱ्यांनी दोन बोटांनी थाळीवर एकदा वाजवलं. एकदाच. मंडपात कोणाला त्याचा अर्थ कळला नसेल. मला कळला. माझ्या नवऱ्यालाही कळला, कारण तो त्यांच्याकडे बघत होता आणि ते त्याच्याकडे.

दोन दिवसांनी त्यांना परत नागपूरला नेलं, आणि ते आले नाहीत.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या सभेच्याच दिवशी. मी सभेतून सरळ तलावावर गेले होते, सकाळचे कपडे तिथंच घाटावर भिजवून ठेवले होते. परेशदांची गाडी पाळीवरून चालली होती. तुडूमपाशी ती थांबली. भासरे उतरले, कुलूप हातात घेऊन बघितलं, सोडून दिलं. परेशदा काहीतरी बोलत होते, हातवारे करून. तलावाविषयी बोलत असतील असं मला आधी वाटलं. पण मग त्यांनी बोटं उभी करून गोल मोजले, आणि मला कळलं की लाल टीम परत जिंकली आहे.

भासऱ्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला, त्याचा तो रुंद पांढरा पट्टा मला दुरूनही दिसत होता, आणि परेशदांकडे पाठ केली. पाठ करून उभे राहिले, पण गाडीवर बसायला गेले नाहीत. परेशदा बोलत राहिले.